मी सुट्टीवर गेले तर

आमचा टेक लीड रजेवर गेला की दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळतं. बिल्ड अडकतो, टेस्टिंगवाले कुणाला विचारायचं म्हणून एकमेकांची तोंडं बघतात, एखादा नवा मुलगा डेटाबेसमधली एक चुकीची नोंद दुरुस्त करायला जातो आणि बरोबर असलेल्या दोन बिघडवून ठेवतो. मी, म्हणजे त्यांची प्रोजेक्ट मॅनेजर, रजेवर गेले तर बरेच दिवस कुणाला काही जाणवत नाही. उलट सुरुवातीला कामाचा वेग वाढतो, कारण सकाळचा कॉल दहा मिनिटांत आटपतो. हे मला टीमनेच हसत हसत सांगितलं आहे.

त्यावर माझं उत्तर तयार असतं. मॅनेजरचं काम दिसत नाही. जे बिघडलं नाही, ते आमचं काम. क्लायंटने मध्येच नवी मागणी पुढे केली नाही, एखाद्याने राजीनामा टाकला नाही, दोन टीम एकाच सर्व्हरवरून भांडल्या नाहीत. हे उत्तर मी मुलाखतींत दिलं आहे, नव्या मॅनेजरांच्या प्रशिक्षणात दिलं आहे, जेवताना नवऱ्यालाही दिलं आहे. ते खोटं नाही. पण अलीकडे त्यातलं एक कुसळ टोचत राहतं: ज्याला खरोखरच काही काम नाही, तोही हेच उत्तर देईल. न दिसणारं काम आणि नसलेलं काम बाहेरून सारखंच दिसतं. मग माझं यातलं कुठलं? क्लायंटला विचारून उपयोग नाही, त्याला माझ्या स्लाइड दिसतात. वरिष्ठांना माझे रिपोर्ट दिसतात. टीमला विचारण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण त्यांची अप्रेझलं मी लिहिते. उरते मीच.

मॅनेजर मोठा की लीड, या वादात मी दोन्ही बाजूंनी भांडले आहे आणि दोन्ही वेळा सारख्याच पोटतिडकीने. लीड होते तेव्हा मॅनेजर म्हणजे एक्सेल उघडून बसलेला आणि ‘कधी होईल?’ एवढंच विचारता येणारा माणूस, असं माझं ठाम मत होतं. मॅनेजर झाल्यावर काही महिन्यांत ते बदललं. त्यासाठी नवे पुरावे लागले नाहीत, नवी खुर्ची पुरली.

कोड का सोडलास, असं कुणी विचारलं की मी सांगते, मला माणसांत काम करायला आवडतं. आवडतंही. पण तेवढंच कारण नव्हतं. वडील पिंपरीच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर होते. नोकरीविषयी त्यांचा प्रश्न एकच असे: हाताखाली माणसं किती? लीड असताना त्याला धड उत्तर नव्हतं. लग्नकार्यात टेक लीड कुणाला कळत नाही. मॅनेजर मात्र आत्याबाईंपासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना कळतो. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झाला होता. आणि कंपनीत टेक्निकल वाट होती ती कागदावर. आर्किटेक्टच्या जागा मोजक्या, मॅनेजरची वाट रुंद. आमच्या सर्व्हिस कंपन्यांचं अर्थकारणच तसं आहे. खाली कमी अनुभवाची, कमी पगाराची पुष्कळ माणसं आणि वर थोडी महाग माणसं, असा पिरॅमिड राखला तरच नफा सुटतो. कोड लिहिणारा महाग झाला की त्या कामासाठी क्लायंट तेवढा दर देत नाही, म्हणून त्याला वर सरकवावं लागतं. या हिशेबात किती चांगले प्रोग्रामर मध्यम दर्जाचे मॅनेजर झाले असतील, देव जाणे.

आणखी एक कारण होतं, ते मी फारसं कुणाला सांगत नाही. नवी फ्रेमवर्क येत होती आणि माझ्याहून लहान मुलं ती चटकन उचलत होती. रिव्ह्यूमध्ये एखाद्या पोराने साधासा प्रश्न विचारावा आणि मला त्याचं उत्तर येऊ नये, या कल्पनेने पोटात गोळा यायचा. मॅनेजरला हे भय नाही. त्याला उत्तर येण्याची अपेक्षाच नसते, त्याने ते कुणाकडून तरी मागवायचं असतं. माणसांची आवड आणि हे भय, यांतलं कशाचं वजन जास्त होतं, ते आजही मला नक्की सांगता येणार नाही. पण बढतीचं पत्र आलं तेव्हा आनंदाच्याही आधी सुटका वाटली होती, एवढं आठवतं.

फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य कामाचं नेतृत्व केलं आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिलं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हा त्यांचा नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाळत कुणी नाही, ती गोष्ट वेगळी. त्याच पुस्तकात ते दोन भूमिका वेगळ्या काढतात. एक निर्मात्याची: टीम जमवायची, काम वाटायचं, वेळापत्रक सांभाळायचं, बाहेरच्यांशी बोलायचं. दुसरी तांत्रिक दिग्दर्शकाची: रचना ठरवायची आणि ती एकसंध राखायची. दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असू शकतात, निर्माता वरिष्ठ असू शकतो किंवा दिग्दर्शक. ब्रुक्सना तिन्ही मांडण्या शक्य वाटतात. छोट्या टीमसाठी दिग्दर्शक वरिष्ठ असणं सोयीचं आणि फार मोठ्या कामात निर्माता, असा त्यांचा कल आहे. लीड असताना मी छोट्या टीमच्या वाक्याखाली रेघ मारली होती. मॅनेजर झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा मोठ्या कामाच्या वाक्याखाली मारली. आमची टीम दोन्ही वेळा साधारण तेवढीच होती.

दोन्ही वाचनांत जे निसटलं, ते अडचणीचं आहे. निर्माता वरिष्ठ असेल तर दिग्दर्शकाचा तांत्रिक अधिकार त्याने स्वतः जाहीर करायला हवा, असं ब्रुक्स बजावतात. त्याच्या खोलीचा आकार आणि जमिनीवरचा गालिचा यांतूनही तो दिसावा, इथपर्यंत ते जातात. आमच्याकडे गालिच्यांचा प्रश्न नाही, सगळेच एका लांब टेबलाला बसतो. पण क्लायंटबरोबरच्या महिन्याच्या मोठ्या बैठकीचं आमंत्रण लीडला जात नाही. ‘गरज लागली तर त्याला जोडून घेऊ,’ असं मीच म्हणते. आणि गरज शक्यतो लागू देत नाही.

ब्रुक्सचं गणितही मी माझ्या बाजूने वापरत आले आहे. टीम पाच जणांची असेल तर बोलण्याच्या जोड्या १० होतात, वीस जणांची झाली की १९०. या १९० धाग्यांचा गुंता होऊ नये म्हणून मी आहे, असं मी नव्या मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावते. आकृती बरोबर आहे. मात्र माझं कॅलेंडर उघडून पाहिलं तर मी धागे कमी केलेत की वाढवलेत, याची शंका येते. रोजचा स्टँडअप, त्यानंतर डिफेक्टचा कॉल, मग ट्रॅकर भरण्याची आठवण करून देणारा कॉल. एक जण बोलतो, बाकीचे म्यूटवर काम करत बसतात. सगळ्या मेलमध्ये मला सीसीत ठेवलेलं असतं आणि, खरं सांगायचं तर, ते मला आवडतं. एखाद्या मेलमध्ये माझं नाव नसलं तर दिवसभर चुटपुट लागून राहते.

गुगलचा दाखलाही माझ्या स्लाइडमध्ये असतो. २००२ मध्ये तिथे इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून टाकून पाहिले. प्रयोग काही महिनेच टिकला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागलं. पुढे ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अभ्यासातून चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी निघाल्या, त्यांत तांत्रिक कौशल्याचा क्रमांक शेवटचा, आठवा. ही स्लाइड आली की मी थोडी थांबते, म्हणजे लीड लोकांना वाचायला वेळ मिळतो. पण तो अभ्यास होता माणसं घडवणाऱ्या मॅनेजरांचा. टीममधल्या प्रत्येकाला वाट दाखवणं, त्याच्या कामात नाक न खुपसणं, त्याच्या पुढच्या वाटचालीविषयी त्याच्याशी बोलणं, असल्या त्या सवयी. माझा बराचसा दिवस तारखा, बिलिंग आणि ट्रॅकरमध्ये जातो. म्हणजे दुसऱ्याच जातीच्या माणसाला मिळालेलं प्रशस्तिपत्र मी माझ्या भिंतीवर लावून ठेवलं आहे. शिवाय तांत्रिक कौशल्य आठवं का होईना, यादीत होतं.

माझ्या प्रश्नाच्या जवळ जाणारी घटना अमेरिकेतली आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथल्या सरकारने आरोग्य विम्यासाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही साइट सुरू केली. ३६ राज्यांतल्या लोकांनी तिच्यावरून विमा घ्यायचा होता. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. कामावर पन्नासहून जास्त कंत्राटदार होते, सरकारी अधिकारी होते, वेळापत्रकं होती, बैठका होत्या. सगळे तुकडे जोडून पूर्ण वस्तू चालते की नाही, याची जबाबदारी सांभाळणारा समर्थ माणूस तेवढा नव्हता. सुरू होण्याच्या काही दिवस आधीच्या चाचणीत काहीशे लोकांच्या भारानेही साइट कोलमडली होती, आणि तरीही तारीख हलली नाही. दुरुस्तीला बाहेरचे इंजिनिअर आले तेव्हा साइटची प्रकृती एका नजरेत दाखवणारा साधा डॅशबोर्डही त्यांना सापडला नाही.

ती वाचली कशी, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ओबामांनी जेफ्री झायंट्स यांना बोलावलं. ते सॉफ्टवेअरचे नव्हेत, व्यवस्थापनाचे माणूस. त्यांनी तुकडे जोडण्याची जबाबदारी एका कंपनीवर टाकली, नोव्हेंबरअखेर बहुसंख्य लोकांसाठी साइट सुरळीत चालेल असं जाहीर केलं आणि वरचा दबाव स्वतःकडे घेतला. प्रत्यक्ष दुरुस्तीची सूत्रं गुगलमधून आलेल्या मायकी डिकरसन यांच्यासारख्या इंजिनिअरांच्या हाती होती. डिकरसन यांनी बैठकीच्या खोलीसाठी नियम घातले. त्यांपैकी एकाचा आशय असा, की बोलायचं ते ज्याला त्या विषयातलं सर्वांत जास्त कळतं त्याने, ज्याचा हुद्दा सर्वांत मोठा त्याने नव्हे. जाणकार गप्प बसलाय आणि मॅनेजर बोलतायत, असं चित्र दिसलं की गाडी रुळावरून घसरली असं समजायचं. डिसेंबर उजाडेपर्यंत साइट बऱ्यापैकी चालू लागली आणि एप्रिल २०१४ पर्यंत, राज्यांनी स्वतः चालवलेल्या साइट धरून, सुमारे ८० लाख लोकांची नोंदणी झाली.

ही गोष्ट मी सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं, मी झायंट्सच्या जागी स्वतःला बघते आहे. पूर्वी बघतही होते. आता मनात प्रश्न येतो तो सप्टेंबर २०१३ चा. साइट चालणार नाही हे कोड लिहिणाऱ्या कित्येकांना माहीत असणार. ते वर पोचेपर्यंत मधल्या थरांत त्याचं काय झालं? त्या थरांतली माणसं वाईट नव्हती. ती माझ्यासारखी होती.

आमच्या रिपोर्टला तीन रंग असतात: लाल, पिवळा, हिरवा. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल प्रोजेक्टला आमच्या धंद्यात कलिंगड म्हणतात. ते कापल्यावर सगळे हळहळतात, पण पिकतं कसं ते मला चांगलं ठाऊक आहे. गुरुवारी संध्याकाळी मी लीडच्या जागेपाशी जाते.

‘पेमेंटचं इंटिग्रेशन झालं का रे?’

‘कोड झालाय. त्यांच्या सर्व्हरला जोडून बघितलेलं नाही अजून.’

‘म्हणजे किती टक्के?’

‘टक्के कसे सांगू? जोडल्यावर कळेल.’

‘तरी, अंदाजे?’

‘धर सत्तर.’

मी सत्तरचे पंच्याहत्तर करत नाही. सत्तरच लिहिते. गाळते ते ‘जोडल्यावर कळेल’ हे वाक्य, कारण रकान्यात आकडा मागितलेला असतो. सत्तर वाचणाऱ्याला वाटतं, तीस राहिले. आमचे डिलिव्हरी मॅनेजर त्याचं ‘ऑन ट्रॅक’ करतात. क्लायंटकडचा मॅनेजर त्याच्या साहेबांना नुसता हिरवा ठिपका दाखवतो. या साखळीत कुणी खोटं बोललेलं नसतं, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचलेली गोष्ट खरी नसते.

वाक्य का गाळते, याचं कारणही माझ्याकडे असतं. पिवळा रंग दिला की एस्केलेशन होतं, रोजचा आणखी एक कॉल लागतो, त्यात लीडचाच तास जातो आणि काम आणखी मागे पडतं. मी टीमचा वेळ वाचवते, असं मी सांगते आणि ते खरंही आहे. मात्र पिवळा रंग माझ्या नावावर लागतो. ‘हिला जमत नाहीये’ ही कुजबुज लीडविषयी नाही, माझ्याविषयी होणार असते. यांपैकी कुठलं कारण मनात आधी येतं, हे मी एकदा नीट लक्ष ठेवून पाहिलं. माझं नाव आधी येतं. टीमचा वेळ नंतर, समर्थनाच्या वेळी.

किंमत चुकवली जाते गो-लाइव्हच्या आधीच्या शनिवार-रविवारी. पिझ्झा मागवले जातात, मुलं मध्यरात्री हिंजवडीहून कॅबने घरी जातात, सोमवारी मी ‘टीमने अपार मेहनत घेतली’ असा मेल लिहिते आणि वरून मला ‘संकट छान हाताळलंस’ अशी शाबासकी येते. संकट हाताळणं आमच्याकडे दिसतं, न येऊ देणं दिसत नाही. हेच माझं लाडकं वाक्य, आणि त्याचा फायदा उलट्या बाजूने मीच घेते.

लीडला मात्र मी देव करणार नाही. आमचा लीड अर्धी सिस्टिम डोक्यात घेऊन फिरतो आणि कागदावर उतरव म्हटलं की त्याला दुसरं काहीतरी तातडीचं निघतं. भिडेखातर की ताठ्याने कोण जाणे, ‘दोन दिवस’ सांगतो आणि आठवडा घालवतो. नव्या मुलांना शिकवण्यापेक्षा त्यांचं काम स्वतः करून टाकतो, मग ती वर्षानुवर्षं नवीच राहतात. क्लायंटशी बोलताना त्याला बरोबर असणं पुरतं; समोरच्याला ते पटणंही लागतं, हे त्याच्या गावी नाही. बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या मुलीची रात्रपाळी बदलून घेणं, दोन मॉड्यूल पुढच्या टप्प्यात ढकलायला क्लायंटला राजी करणं, नव्या मागणीसाठी चेंज रिक्वेस्टचे पैसे मागणं, ही कामं त्याने केली नसती. त्याला ती कामं वाटतही नाहीत. ती मी केली आणि बरी केली.

त्यातल्या ज्या एका कामाचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे, तेच पुन्हा तपासून पाहते. एका कॉलवर मी क्लायंटला स्पष्ट सांगितलं होतं, की ही तारीख गाठता येणार नाही, गाठली तर माल कच्चा असेल. पलीकडे शांतता पसरली. नंतर तारीख पुढे गेली, सगळ्यांनी माझ्या धीटपणाचं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. पण त्या कॉलच्या आदल्या दिवशी लीडने सगळ्या अडचणी लिहून मेल पाठवला होता. तोंडी सांगितलेलं विरून जातं, लेखी राहतं. तो मेल नसता तर मी बोलले असते का? कदाचित. ‘कदाचित’च्या पुढे मला जाता येत नाही. मेल कॉलच्या आदल्या दिवशी आणि लेखीच का आला असेल, हेही आता लक्षात येतं. माझ्याशी झालेल्या गुरुवारच्या गप्पांचं काय होतं, ते त्याने ओळखलं होतं.

दरवर्षी मार्चच्या सुमाराला अप्रेझलच्या बैठकीत आमच्या दोघांच्या किमतीचा निकाल लागतो आणि त्या खोलीत लीड नसतो. बेल कर्व्हमध्ये कुणाला वर ठेवायचं, कुणाला मधे दाबायचं, हे मी इतर मॅनेजरांशी घासाघीस करून ठरवते. त्याच्यासाठी भांडतेही. पण कशाच्या आधारावर? त्याचा कोड मी कित्येक दिवसांत वाचलेला नाही. वाचला तरी चांगला की नुसता चालणारा, हे आता मला नक्की कळेल असं वाटत नाही. त्याची गुणवत्ता मी ठरवते ती तो किती आत्मविश्वासाने उत्तर देतो यावरून. टीममध्ये एक मुलगी आहे, फार कमी बोलते, तिच्या मॉड्यूलमध्ये डिफेक्ट जवळजवळ निघत नाहीत. तिच्याविषयी त्या खोलीत सांगायला माझ्याकडे गोष्ट नसते, कारण तिच्याकडे कधी काही पेटतच नाही. माझं काम दिसत नाही म्हणून मी कुरकुरते आणि तिचं दिसत नाही म्हणून तिला मधल्या रकान्यात टाकते.

आता बैठकांचं टिपण यंत्र लिहितं, ट्रॅकरवरून स्टेटसचा मसुदा यंत्र करून देतं. लीडलाही धास्ती आहे, कारण कोडचा पहिला खर्डा यंत्राकडून येऊ लागला आहे. पण तो चूक आहे की बरोबर, हे कुणाला तरी सांगावंच लागतं आणि लीड तेच करत आला आहे. माझ्याकडचं टिपण, तक्ता, आठवण हे सगळं काढून घेतलं तर राहतं ते वाईट बातमी वेळेवर आणि पूर्ण वाक्यात वर नेणं, आणि ती नेल्याचे फटके स्वतः खाणं. नोकरीचा तेवढा भाग मी आतापर्यंत सर्वांत कमी केला आहे.

मागच्या महिन्यापासून मी रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवला आहे. त्यात लीडचं म्हणणं त्याच्या शब्दांत, त्याच्या नावासह जातं. मी त्यातलं व्याकरणसुद्धा सुधारत नाही. माझा रंग त्याच्या शेजारी. पहिल्या वेळी माझा हिरवा होता आणि त्याचं वाक्य होतं: ‘जोडून बघितलेलं नाही, काहीही होऊ शकतं.’ दोन्ही शेजारी शेजारी वाचल्यावर मी माझा रंग बदलला. डिलिव्हरी मॅनेजरांचा फोन आला: एकाच प्रोजेक्टवर दोन मतं क्लायंटला कशाला दाखवायची, हे एक करून पाठवण्यासाठीच तर तू आहेस ना? त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. त्यांना काय उत्तर द्यायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. रकाना तूर्त काढलेला नाही.